खराखुरा स्नोस्टॉर्म अनुभवायचाय, कुठे जाऊ आणि प्लॅन कसा करू?

वाळवंटी_नागपूरकर
मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण सिरियसली विचारतोय. आम्ही मूळ नागपूरचे आणि सध्या अॅरिझोनातल्या फिनिक्सला, म्हणजे एका भट्टीतून निघालो ते थेट दुसऱ्या भट्टीत. बर्फ आयुष्यात एकदाच पाहिलाय, मनालीला, तोही शिळा, मॅगीच्या टपऱ्यांच्या धुराने काळा पडलेला, त्यावर भाड्याचे गमबूट आणि तो कुबट वासाचा फरचा कोट घालून फोटो काढले की झालं. मला पडलेला बर्फ नकोय राजेहो, पडणारा पाहिजे. रात्रभर वारा घोंगावतोय, खिडकीबाहेर काही दिसत नाहीये, सकाळी दार उघडलं तर समोर कमरेएवढा ढीग, असा.

पोरगा नऊ वर्षांचा आहे, त्याने बफेलोचे (न्यूयॉर्क राज्यातलं बर्फासाठी फेमस शहर) व्हिडिओ बघून बघून माझं डोकं खाल्लंय आणि खरं सांगायचं तर माझंही मन तिकडेच आहे. शाळेला सुट्टी ख्रिसमसला, तेव्हा २२ ते २९ डिसेंबरचं बफेलोचं तिकीट आत्ता स्वस्त दिसतंय ते काढून टाकू का? की नंतर भाव पडतील? दुसरं म्हणजे ते टोर्नाडोमागे गाड्या घेऊन पळणारे लोक असतात तसं रेंटल गाडी घेऊन वादळाच्या जवळ जाता येतं का? आणि आई-बाबा डिसेंबरात येतायत नागपूरहून, बाबा ६९, बीपीची गोळी चालू आहे, त्यांना न्यावं का? बायको म्हणते तू एकटा जा आणि तिकडेच राहा. कुणी प्रत्यक्ष राहिलेलं असेल तर नीट सांगा प्लीज.


मिनेसोटावासी
मंगळवार, रात्री ११:०५

आमच्याकडे या की. राहणं खाणं फ्री, बदल्यात ड्राइव्हवे साफ करायचा. पहाटे पाचला फावडं हातात देईन. दोन दिवसात हौस फिटेल.


बफेलोकर
बुधवार, सकाळी ७:३०

मी बफेलोच्या सबर्बमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तिकिटाचं. तारीख ठरवून तिकीट काढू नका, वादळ तुमच्या सुट्टीप्रमाणे येत नाही. आमच्या इथे ख्रिसमसला हिरवं गवत पण असतं आणि पाऊस पण पडतो. आमचा जो फेमस बर्फ आहे तो लेक इफेक्टचा. कॅनडाकडून कोरडी गार हवा येते ती ईरी सरोवरावरून जाते, पाण्यात अजून उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, त्या उबेने आणि वाफेने हवा वर चढते, ढग बनतात आणि किनारा ओलांडला की सगळं आमच्या डोक्यावर. पाणी आणि वर दीडेक किलोमीटरवरची हवा यांच्यात साधारण १३ डिग्री सेल्सियसचा फरक झाला की कारखाना सुरू. त्यात वारा नैऋत्येचा असला तर तो सरोवराच्या लांबीवरून येतो, ही लांबी जवळपास ३८० किलोमीटर आहे, म्हणजे तितका वेळ हवा पाणी पीत पीत येते आणि एक जाड पट्टा तयार होतो.

आता गंमत अशी की हा पट्टा अरुंद असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये ५ फुटांच्या वर बर्फ पडला आणि उत्तरेकडच्या सबर्बमध्ये त्याच वेळी काही इंच. लोक उन्हात उभे राहून लांबची पांढरी भिंत मोबाइलवर शूट करत होते. म्हणजे तुमचं हॉटेल एअरपोर्टजवळ असलं आणि पट्टा दक्षिणेला बसला तर तुम्ही फिनिक्सहून येऊन नुसती भिंत बघून परत जाणार. आणि मधला रस्ता बंद, त्यामुळे पट्ट्यात जाताही येणार नाही. त्या वर्षी आमच्या बिल्सची (आमची अमेरिकन फुटबॉल टीम) मॅच इथे होऊ शकली नाही, डेट्रॉइटला नेली. नोव्हेंबर २०२२ ला पुन्हा तेच झालं, ऑर्चर्ड पार्क, हॅम्बर्ग या भागात ८० इंचाच्या आसपास, मॅच परत डेट्रॉइटला. (स्टेडियम नेमकं ऑर्चर्ड पार्कमध्येच आहे, पट्ट्याच्या आवडत्या जागी. जानेवारी २०२४ मध्ये तर क्लबने तासाला २० डॉलर देऊन फॅन लोकांनाच बर्फ उपसायला बोलावलं, आणि लोक खुशीने गेले. असे आहेत आमचे लोक.)

सीझनचं सांगायचं तर ईरी उथळ आहे, सगळ्यात खोल जागी २१० फूट, त्यामुळे थंडी कडक पडली की जानेवारी-फेब्रुवारीत वर बर्फाचं झाकण बसतं आणि मग वाफ मिळत नाही, आमचा कारखाना थंडावतो. म्हणून मोठे लेक इफेक्ट हे नोव्हेंबर मध्य ते जानेवारी सुरुवात या काळात जास्त. शेजारचं ओंटारियो मात्र ८०२ फूट खोल, ते सहसा गोठत नाही, म्हणून त्याच्या पूर्वेला जे टग हिल पठार आहे तिथे फेब्रुवारीपर्यंत दणकून चालू असतं. वर्षाला २०० इंचाच्या वर पडतो तिथे. १९७६-७७ च्या हिवाळ्यात हूकर नावाच्या ठिकाणी ४६६.९ इंच मोजलाय, फुटात करा म्हणजे कळेल. फक्त बर्फाचं प्रमाण बघून जायचं असेल तर बफेलोपेक्षा टग हिल बरं, तिथली गावं स्नोमोबाइलवाल्यांवरच चालतात, मोटेल वगैरे मिळतात, पण गाव म्हणजे एक चौक, एक बार आणि पेट्रोल पंप. बायको तिथे येणार नाही हे लिहून देतो.

आता महत्त्वाचं. तुम्ही बरोबर २२ ते २९ डिसेंबर लिहिलंय म्हणून सांगतो. २०२२ ला याच तारखांना जे झालं ते लेक इफेक्टच्याही पलीकडचं होतं. २३ तारखेला सकाळी साडेनऊला ड्रायव्हिंग बॅन लागला, तोवर बरेच लोक कामावर निघाले होते. एअरपोर्टवर ५१.९ इंच, आणि ब्लिझार्डची अवस्था ३७ तास सलग. अॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड कुणालाच बाहेर पडता येत नव्हतं, त्यांच्याच गाड्या अडकल्या होत्या. आमच्या काउंटीत ४७ माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी रस्त्यावर चालताना, कुणी घरात हीटिंग बंद पडून, कुणी बर्फ उपसताना. आमच्याकडे लाइट होते म्हणून निभावलं, पण खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं, आणि हे मी रोमँटिक अर्थाने लिहीत नाहीये. हवामान खातं ब्लिझार्ड म्हणतं ते मुळात वारा आणि दृश्यमानतेवरून, ३५ मैलांच्या वर वारा, पाव मैलाच्या आत दिसणं बंद, आणि हे किमान तीन तास. म्हणजे तुम्हाला जे 'बघायचंय' ते त्यात बघता येतच नाही.

त्याच वादळात दक्षिण कोरियाचे दहाएक टुरिस्ट नायगाराला जाताना विल्यम्सव्हिलमध्ये अडकले होते, व्हॅन रुतली म्हणून जवळच्या घरी फावडं मागायला गेले, त्या घरच्यांनी फावडं न देता आत घेतलं आणि वादळ संपेपर्यंत ठेवून घेतलं. सगळ्यांनी मिळून कोरियन जेवण बनवलं, पेपरात फोटो आले. ही गोष्ट सगळे गोड म्हणून सांगतात. मला ती वाचताना घाम फुटतो, कारण ते घर तिथे नसतं तर?

म्हणून गाडी घेऊन मागे पळण्याचं तर डोक्यातूनच काढा. टोर्नाडो काही मिनिटांत निघून जातो आणि आजूबाजूचा रस्ता मोकळा असतो. इथे रस्ताच वादळात गेलेला असतो.


वाळवंटी_नागपूरकर
बुधवार, सकाळी ९:१५

बापरे. तिकीट काढलं नाही अजून, थँक्यू. पण भाऊ, मग तुम्ही लोक तिथे मजेत राहता ना, म्हणजे दरवर्षी तर असं होत नसेल. मला ४७ माणसं मरणारं वादळ नकोच आहे, साधं, शहाण्यासारखं, दीड-दोन फुटांचं वादळ पाहिजे. ते कसं पकडायचं?


सई_बॉस्टन
बुधवार, दुपारी १२:५०

मग नॉरईस्टर पकडा! मला बफेलोकरांचं सगळं पटलं पण त्यांच्या पोस्टनंतर कुणी घराबाहेर पडणार नाही. शहरातलं वादळ हा वेगळा प्रकार आहे आणि माझ्या मते पहिल्यांदा अनुभवायला तोच बेस्ट.

नॉरईस्टर म्हणजे समुद्रावरून किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकत येणारं मोठं वादळ, पट्टा-बिट्टा नाही, अख्खी दोन-तीन राज्यं झाकली जातात. त्यामुळे चार-पाच दिवस आधी कुणकुण लागते, टीव्हीवाले ओरडायला लागतात, दुकानातून दूध आणि ब्रेड गायब होतात (का ते आजवर कळलेलं नाही, वादळात सगळे फ्रेंच टोस्ट करतात बहुतेक). दोन दिवस आधी विंटर स्टॉर्म वॉच (वादळ येऊ शकतं असा हवामान खात्याचा इशारा) येतो, मग वॉर्निंग. तुम्ही करायचं काय, तर जानेवारी शेवट ते फेब्रुवारी मध्य हा काळ मोकळा ठेवायचा, ऑफिसात सांगून ठेवायचं, आणि वॉच आला की तिकीट काढून वादळाच्या आदल्या दिवशी येऊन पोचायचं. वादळाच्या दिवशी येईन म्हणाल तर फ्लाइट सकाळपासूनच कॅन्सल असतात, एअरलाइन्स विमानं आधीच दुसरीकडे हलवतात. महाग पडेल पण वादळ मिळण्याची शक्यता त्यातच आहे. परतीच्या तिकिटाला दोन दिवस मोकळे ठेवा, हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या. मुलाची शाळा दोन दिवस बुडाली तर काय बिघडतं.

हॉटेल मात्र शहराच्या मध्यात, बॅक बे किंवा बीकन हिलच्या बाजूला, जिथून गाडी न लागता चालत खायला मिळेल. बर्फ पडत असताना रात्री दहाला खाली उतरा, गाड्या बंद, सगळे लोक रस्त्याच्या मधोमध चालतायत, कुणी स्की घालून चाललाय, कुत्री वेड्यासारखी उड्या मारतायत, हॉटेलचा दरवान पण फोटो काढतोय. दुसऱ्या दिवशी बॉस्टन कॉमन या पार्कात पोरं ट्रे घेऊन घसरतात. तुमच्या मुलाला हेच हवंय, खात्रीने सांगते. आणि रस्त्यात पार्किंगच्या जागेवर खुर्च्या, इस्त्रीचे टेबल, ट्रॅफिकचे कोन ठेवलेले दिसतील, ते हलवू नका हां, ज्याने ती जागा उपसून काढली त्याचा तो हक्क असतो, शहर पण ४८ तास चालवून घेतं. त्यावरून भांडणं होतात, टायर पंक्चर होतात, आपल्या चाळीतल्या नळावरच्या भांडणांची आठवण येते.

मोठी वादळं म्हणाल तर फेब्रुवारी २०१३ ला २४.९ इंच, जानेवारी २०१५ ला २४.६, जानेवारी २०२२ ला एकाच दिवसात २३.६. आणि २०१४-१५ चा सीझन तर विचारूच नका, १०८ इंचाच्या वर गेला, त्यातला बराचसा काही आठवड्यांतच, ट्रेन बंद, ऑफिसं बंद, बर्फ टाकायला जागा उरली नाही. शहराने जिथे ढीग केला होता तो शेवटचा ढीग १४ जुलैला वितळला. जुलै!

एक धोका आहे तो सांगते. फसगत. जानेवारी २०१५ च्या त्याच वादळात न्यूयॉर्कला दोन-तीन फूट पडणार म्हणून सबवे बर्फासाठी इतिहासात पहिल्यांदा बंद केली, आणि सेंट्रल पार्कमध्ये पडला १० इंचाच्या आत. वादळ थोडंसं पूर्वेला सरकलं इतकंच. लाँग आयलंडला तेव्हा दोन फूट होता. तसंच किनाऱ्यावर कधीकधी बर्फाऐवजी पाऊसच पडतो, मग नुसता चिखल आणि ओले मोजे. म्हणून हवामानाच्या एकाच कॉम्प्युटर मॉडेलवर विश्वास ठेवू नका, हवामान खात्याचं जे 'फोरकास्ट डिस्कशन' असतं ना, साध्या मजकुरातलं, ते वाचा. तिथे ते लोक आपल्याला किती खात्री आहे ते मोकळेपणाने लिहितात, टीव्हीवर ते येत नाही.


टुसॉनचा_तुका
बुधवार, दुपारी ३:२०

अहो काय चाललंय हे. फिनिक्सचा माणूस बर्फ बघायला बॉस्टनला निघालाय आणि त्याला कुणी फ्लॅगस्टाफ सांगत नाहीये??

भाऊसाहेब, तुमच्या घरापासून आय-१७ ने अडीच तास, १४५ मैल. फिनिक्स ११०० फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ ७००० फुटांवर. तिथे वर्षाला सरासरी ९०-१०० इंच पडतो, म्हणजे जवळजवळ बफेलोइतकाच! अॅरिझोना म्हणजे निवडुंग असं डोक्यात बसलंय ना त्यामुळे हे कुणाला खरं वाटत नाही. २१ फेब्रुवारी २०१९ ला तिथे एका दिवसात ३५.९ इंच पडला, त्याआधीचा रेकॉर्ड १९१५ चा होता. आणि डिसेंबर १९६७ ला आठेक दिवसात ८६ इंच, जुनी माणसं अजून त्याबद्दल बोलतात.

इथलं गणित बफेलोपेक्षा वेगळं. पॅसिफिकवरून वादळं येतात, कॅलिफोर्निया ओलांडून, ती मोगोयोन रिमच्या उंच कड्यावर चढताना बर्फ टाकतात. आठवडेच्या आठवडे स्वच्छ ऊन आणि मग एकदम दोन-तीन वादळं पाठोपाठ, असा स्वभाव. डिसेंबर ते मार्च कधीही. बघायचं ते फक्त 'स्नो लेव्हल', म्हणजे किती फुटांवरून बर्फ सुरू होणार. ५००० लिहिलं असेल तर निघा, ७५०० लिहिलं असेल तर फ्लॅगस्टाफला पाऊसच, घरी भजी तळा.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तिकीट नाही, बुकिंगची भानगड नाही. वॉच लागला, आदल्या दिवशी ऊन असतानाच गाडी घेऊन वर पोचलात, डाउनटाउनमध्ये जुन्या रूट ६६ च्या आसपास हॉटेल घेतलं, गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये लावली (रस्त्यावर नको, हिवाळ्यात रात्री लावू देत नाहीत, बर्फ बाजूला सारणाऱ्या प्लाउला आडवी येते) आणि मग चावीला हात लावायचा नाही. सगळं चालत. कॉफीची दुकानं, बुकशॉप, ब्रुअरी, आणि मधूनच भरबर्फात हॉर्न वाजवत जाणाऱ्या लांबच लांब मालगाड्या, पोरगा वेडा होईल. बायको पण येईल. वादळ संपलं, रस्ते उघडले की ८० मैलांवर ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, लाल दगडांवर ताजा बर्फ आणि निळं आकाश. साउथ रिम हिवाळ्यातही उघडा असतो, नॉर्थ रिम बंद. ते दृश्य तुम्हाला बॉस्टनवाले देऊ शकत नाहीत, सॉरी सईताई :)

तोटा पण सांगतो. वादळात आय-१७ आणि आय-४० दोन्ही बंद होतात आणि वीकेंडला आख्खं फिनिक्स स्लेड घेऊन वर चढतं, हायवे १८० च्या कडेला गाड्या लावून लोक प्लास्टिकच्या स्लेड मोडून तिथेच टाकून जातात, बघून लाज वाटते. तुम्ही तसे करणार नाही असं गृहीत धरतो.


सई_बॉस्टन
बुधवार, दुपारी ४:०२

मान्य, मला अॅरिझोनात इतका बर्फ पडतो हे खरंच माहीत नव्हतं. पण समुद्राच्या वादळाचा जो वारा असतो तो तुमच्याकडे नाही :P


टोकियोतला_ताम्हणकर
बुधवार, रात्री ११:३०

बजेट असेल तर जपानचा विचार करा. तत्त्व तेच लेक इफेक्टचं, फक्त सरोवराऐवजी अख्खा जपानचा समुद्र. सायबेरियाची गार हवा त्यावरून येते आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या डोंगरांना आपटते, जानेवारी-फेब्रुवारीत सतत. तिथे वादळाची वाट बघावी लागत नाही, तुम्ही आठवडाभर राहिलात तर काही ना काही पडणारच, हा मोठा फरक. तारीख ठरवून तिकीट काढायचंच असेल तर ही एकच जागा.

साप्पोरो वीस लाखाच्या आसपास वस्तीचं शहर आणि वर्षाला जवळपास ५ मीटर बर्फ. मीटर हां, फूट नाही. पण शहर चालू असतं, स्टेशनपासून ओदोरीपर्यंत जमिनीखालून गरम वाट आहे, आईबाबांना वर न्यायची गरजच नाही, खाली फिरवा, रामेन खिलवा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्नो फेस्टिव्हल असतो, १९५० ला शाळेच्या पोरांनी सहा पुतळे बनवले तिथून सुरू झालेला. अजून जोरदार हवं तर आओमोरी, आणि तिथून वर डोंगरात सुकायू ओन्सेन, तिथे फेब्रुवारी २०१३ ला जमिनीवर ५६६ सेंटिमीटर बर्फ साचलेला मोजलाय. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं आणि बाहेर भुरभुर चालू.

अर्थात इथेही ते सगळं अलगद होतं असं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये साप्पोरोच्या ट्रेन सगळ्या बंद पडल्या होत्या, आणि डिसेंबर २०२० ला कानएत्सु एक्सप्रेसवेवर दोन हजाराच्या वर गाड्या अडकल्या होत्या, लोकांनी रात्री गाडीतच काढल्या. जपान असलं तरी बर्फात गाडी नको हे लागू. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागेल ते आधी बघा.


डॉ_निवृत्त_पुणे
गुरुवार, सकाळी ६:१०

वडिलांबद्दल कुणी नीट उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. बीपी गोळीने आटोक्यात असेल आणि ते रोज फिरत असतील तर उबदार हॉटेलात बसून बर्फ बघायला काहीच हरकत नाही, न्या खुशाल, त्यांनाही आनंद मिळू दे. तीन गोष्टी मात्र पाळा. त्यांच्या हातात फावडं द्यायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, त्यात सवय नसलेलं हातांचं जोराचं काम, दर हिवाळ्यात लोक यात हार्ट अॅटॅकने जातात. दुसरं, गोळ्या जास्तीच्या आठवड्याच्या सोबत ठेवा, चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत, रस्ता बंद झाला तर औषधाचं दुकानही बंद. तिसरं, फ्लॅगस्टाफला जाणार असाल तर ७००० फूट उंची आहे, पहिल्या दिवशी धावपळ नको, पाणी भरपूर.

कपड्यांचं: आपल्याकडचे लोक एक जाडजूड स्वेटर घालतात आणि पायात स्पोर्ट्स शूज. उलटं करा. आतून अंगाला लागून घाम शोषणारं पातळ इनर (सुती बनियन नको, ते ओलं झालं की अंगावर गार पडतं), मधे फ्लीस किंवा लोकर, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. बूट वॉटरप्रूफ. कान झाकलेले. शून्य फॅरेनहाइट तापमान आणि ३० मैलांचा वारा असला तर अंगाला ते उणे २६ फॅरेनहाइट लागतं, नाकाचा शेंडा पांढरा पडला किंवा बोटं बधीर झाली की लगेच आत. नऊ वर्षांचं पोरगं सांगणार नाही, त्याला खेळायचं असतं, तुम्हीच दर पंधरा मिनिटांनी हात बघा.

आणि गाडीत अडकलात तर: सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजतं आणि धूर आत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जानेवारी २०२२ ला पाकिस्तानात मरीला बर्फ बघायला गेलेले वीसहून जास्त लोक आपापल्या गाड्यांत मेले, कुटुंबंच्या कुटुंबं, हौशीने गेलेली. तेव्हा उतरून आधी सायलेन्सर मोकळा करा, इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, एक काच जराशी खाली ठेवा, आणि गाडी सोडून चालत निघू नका.

(भारतात असता तर चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गला जा म्हणालो असतो. तिथेही हायवे आणि विमानं दोन्ही बंद पडतात, चार दिवस हाताशी जास्त ठेवावे लागतात.)


वाळवंटी_नागपूरकर
गुरुवार, रात्री ८:५५

मंडळी, किती लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. फ्लॅगस्टाफचं वाचून मला स्वतःवर हसू येतंय कारण आम्ही दर जूनमध्ये तिकडे गारवा खायला जातो आणि डोक्यात कधी आलंच नाही की तिथे एवढा बर्फ पडत असेल. बायकोला दाखवलं, ती म्हणे हे चालेल, पुस्तकाचं दुकान आहे ना मग चालेल.

तर ठरलं असं की डिसेंबर ते मार्च वॉच बघत राहायचं, स्नो लेव्हल ५५०० च्या खाली आणि एक फुटाच्या वर अंदाज असला की आदल्या दिवशी दुपारीच निघायचं. आई-बाबा पण येणार, बाबांना फावडं नाही, कबूल. आई विचारतेय तिथे स्वयंपाकघर असलेलं हॉटेल मिळेल का, बर्फात पिठलं-भाकरी करायची म्हणते, ज्वारीचं पीठ नागपूरहूनच आणणार आहे. साप्पोरो पुढच्या-पुढच्या वर्षी, बोनसवर अवलंबून. बॉस्टन पण लिस्टवर आहे सईताई, वाऱ्यासाठी.

एकच शंका राहिली. आमची गाडी साधी सेडान आहे, फ्रंट व्हील. ऑल व्हील ड्राइव्ह भाड्याने घेऊ का?


बफेलोकर
गुरुवार, रात्री ९:२०

वादळाआधी जाताय आणि रस्ते साफ झाल्यावर परत येताय तर सेडान पुरेशी आहे. ऑल व्हील ड्राइव्हने गाडी निघते लवकर, थांबत नाही लवकर, ब्रेकला त्याचा काही उपयोग नाही आणि लोक त्याच भरवशावर जोरात चालवून खड्ड्यात जातात. पैसे घालायचेच तर टायरवर घाला, तुमच्या फिनिक्सच्या उन्हात टायर कडक झालेले असणार, खाच किती उरलीय ते दुकानात दाखवून घ्या. आणि काच पुसायचं पाणी बदला! फिनिक्समध्ये जे भरलेलं असतं ते साधं असतं, वर पोचल्यावर गोठतं आणि काच धुता येत नाही. उणे २० वालं मिळतं, निळ्या कॅनमध्ये, ते भरा. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, पाणी, खायला काहीतरी. चिवडा चालेल.


टुसॉनचा_तुका
गुरुवार, रात्री ९:४८

+१ पाण्याचं. किचनवाली एक्स्टेंडेड स्टे टाइप हॉटेलं आहेत पण डाउनटाउनपासून लांब, चालत जाता येणार नाही, त्यापेक्षा डाउनटाउनच्या आसपास किचन असलेलं एखादं भाड्याचं घर बघा, आईंना गॅस आणि तवा दोन्ही मिळेल. मात्र आधी विचारून घ्या की पार्किंग घराच्या आवारात आहे का, आणि वादळानंतर ड्राइव्हवे कोण साफ करणार, नाहीतर ते मिनेसोटावासी येऊन हसतील.

परत येताना रविवारी दुपारी अजिबात निघू नका, आय-१७ ला उतारावर सगळं फिनिक्स एकत्र खाली येतं. सोमवारी निघा, सकाळी दहाच्या पुढे, तोवर रस्त्यावरचा रात्रीचा गोठलेला थर सुटलेला असतो. टाकी वर फ्लॅगस्टाफलाच फुल करून घ्या, कारण मधे अपघात होऊन रस्ता अडला तर दोन-तीन तास जागेवर बसावं लागतं. निघायच्या आधी एझेड ५११ वर (अॅरिझोनाची रस्त्यांची माहिती देणारी सेवा) रस्ता उघडा आहे का ते बघा, हॉटेलवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका.


मिनेसोटावासी
गुरुवार, रात्री १०:१५

म्हणजे ड्राइव्हवे साफ करायला कुणीच येत नाहीये तर. ठीक आहे. पिठल्याचा फोटो टाका.